बांधलेले रुमाल

दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायांशी चार कुत्री उभी असतात. ती नुसती कुत्री नव्हेत, चार वेद आहेत, असे आमची आजी सांगत असे. ऐकावे आणि खेळायला पळावे, अशा वयातली ती गोष्ट; पण तिने मनात एक वेडी समजूत पेरून ठेवली, की रस्त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या आत काहीतरी लिहिलेले असले पाहिजे. पुढे कळले की ही समजूत वाटली तितकी वेडी नव्हती. २००५ साली ताशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीची जनुकसंहिता वाचून प्रसिद्ध झाली. गुणसूत्रांच्या ३९ जोड्या आणि त्यांवर मांडलेली सुमारे २४० कोटी अक्षरे. वेदांचे चार ग्रंथ शेजारी ठेवले तर कुत्र्याचीच पोथी कितीतरी जाड भरेल.

या पोथीची एक गंमत आहे. ती शरीरात एका जागी जपून ठेवलेली नसते. कुत्र्याच्या कातडीच्या पेशीत ती असते, डोळ्याच्या पेशीत असते, लाळेच्या ग्रंथीतही असते. आणि सगळीकडे तीच, अक्षरन् अक्षर तीच. मग एका पेशीने पाहावे, दुसरीने पाझरावे आणि तिसरीने शत्रूला गिळावे, हे कसे ठरते? पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी काम केले आहे त्यांना याचे उत्तर लवकर समजेल. तिथे हजारो रुमालांत कागद बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडला की कागद बोलू लागतो. ज्याची गाठ कोणी सोडलीच नाही, तो असून नसल्यासारखा. दफ्तर एकच, पण कोणते रुमाल सुटले यावर इतिहास ठरतो. पेशीचेही तसेच आहे. काही प्रथिने नेमक्या जनुकापाशी जाऊन त्याची गाठ सोडतात. काही अक्षरांवर एक बारीकशी रासायनिक खूण डकवली जाते, आणि मग ते पान सहसा उघडत नाही. शिवाय उघडलेल्या पानाची नक्कल करून ती कामाच्या जागी धाडली, तरी वाटेत तिला अडवणारे चिमुकले हरकारे असतात. सूक्ष्म आरएनए हे त्यांचे नाव, आणि जेमतेम बावीस अक्षरांची त्यांची लांबी. १९९३ साली ते प्रथम आढळले ते एका इवल्याशा कृमीत, आणि त्या शोधाला २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे वाचून झाल्यावर माझ्या मनात आले, की हा सारा कारभार गाठी बांधण्याचा आणि सोडण्याचा. त्यात बाहेरच्या कोणी हात घातला तर? पोथी जाळायला नको, एक अक्षर खोडायला नको. नुसते नको ते रुमाल सोडायचे आणि हवे ते बांधून टाकायचे. असा हात घालणारा एक जीव खरोखरच आहे. त्याची हकीकत आपल्या देशातून सुरू होते, पण आपण ती जिथे पाहणार आहोत ते गाव फार दूर आहे.

कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीत राहिलेला एक गोरा शिपाई इंग्लंडात परतून तापाने वारला. त्याच्या पाणथरीत विल्यम लीशमन यांना काही बारीक ठिपके दिसले. १९०३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासेत चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच ठिपके दिसले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचाही मान राखून त्या परजीवीला ‘लीशमानिया डोनोव्हानी’ असे नाव दिले. आपल्याकडचा काळा आजार तो हाच. बिहार-बंगालात हा परजीवी माणसामाणसांतच फिरतो; कुत्र्याचा त्यात हात मानला जात नाही. पण त्याचा एक सख्खा भाऊ भूमध्य समुद्राच्या काठाने राहतो. १९०८ साली ट्युनिस येथे शार्ल निकोल यांनी त्याला ‘इन्फँटम’ हे नाव दिले, कारण तो लहान मुलांत सापडत होता. त्याच वर्षी त्यांना तो कुत्र्यांतही सापडला. मूल आणि कुत्रा, घरातले दोन सगळ्यांत विश्वासू जीव, एकाच आजाराने जोडले गेले ते तेव्हापासून.

त्यांना जोडणारी दोरी म्हणजे वाळूमाशी. दोन-तीन मिलिमीटरची, कानाशी न गुणगुणणारी, सांजावल्यावर निघणारी. ती कुत्र्याला चावते तेव्हा परजीवी कातडीखाली उतरतात, आणि शरीराचे पहारेकरी त्यांच्यावर धावून येतात. या पहारेकऱ्यांना महाभक्षी पेशी म्हणतात. त्यांचा महिमा प्रथम ओळखला तो इलिया मेच्निकोव्ह यांनी. १८८२ साली मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलात गुलाबाचा काटा टोचला, आणि सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशींचा वेढा पडला होता. परक्याला गिळून जिरवून टाकणे हा या पेशींचा धर्म. लीशमानियालाही त्या गिळतात. पण तो जिरत नाही. गिळलेला शत्रू ज्या कोठडीत टाकतात, तिथल्या आम्लात तो बिऱ्हाड थाटतो, शेपटी आखडून घेतो, गोल होतो आणि वाढू लागतो. पहारेकऱ्याच्या चौकीतच चोराने संसार मांडावा, तसे हे आहे.

हे त्याला साधते कसे, याचा उलगडा गेल्या काही दशकांत होत आला आहे. एरवी अशा वेळी शेजारच्या लसिका पेशी महाभक्षी पेशीला एक निरोप धाडतात: गॅमा इंटरफेरॉन. तो निरोप पेशीच्या दारावर येतो, हातोहात केंद्रकापर्यंत पोचतो, आणि तिथे एका विशिष्ट जनुकाची गाठ सुटते. त्या जनुकाच्या आधाराने पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करते, आणि आत बसलेला परजीवी त्या वायूने मरतो. म्हणजे मारण्याचे शस्त्र पहारेकऱ्यापाशी आहे, शस्त्राची कृती पोथीत लिहिलेली आहे. फक्त तो रुमाल सुटायला हवा. परजीवी नेमका तिथेच आडवा येतो. त्याच्या अंगावर प्रथिने कातरणारे एक विकर असते, जीपी-६३ नावाचे. ते पेशीच्या आत शिरून निरोप्यांपैकी काहींना कातरते आणि काहींना गप्प करते. निरोप दारापर्यंत येतो, पण घरात पोचत नाही.

कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली उंदरांच्या यकृतात दाखवले, की हेच विकर सूक्ष्म आरएनए घडवणाऱ्या यंत्रणेलाही कातरते. ज्या शहराच्या वेशीवरच्या तापातून ही कथा सुरू झाली, त्याच शहरात तिचे एक पान असे उघडले. पुढच्याच वर्षी कॅनडातील संशोधकांना माणसाच्या महाभक्षी पेशींत असे आढळले, की जिवंत परजीवी आत शिरल्यावर संहितेवरच्या रासायनिक खुणाच काही ठिकाणी बदलतात. मेलेले परजीवी घातले तर त्या तशा बदलत नाहीत. म्हणजे हा उपद्रव नुसत्या परक्या वस्तूच्या स्पर्शाने झालेला नव्हे. कोणीतरी जिवंत आत बसून दफ्तर हाताळत आहे.

कुत्र्यांच्या पेशींत हे प्रत्यक्ष पाहिले गेले ते ब्राझीलमध्ये. तिथे हा परजीवी मूळचा नव्हे. स्पेन-पोर्तुगालची जहाजे अमेरिकेला लागली तेव्हा त्यांवर जी कुत्री होती, त्यांच्या रक्तातून तो समुद्र ओलांडून गेला असावा, असे त्याच्या वंशावळीवरून दिसते. साओ पाउलो राज्यातल्या आरासातुबा या गावात १९९८ साली तो कुत्र्यांत सापडला आणि १९९९ साली माणसांत. त्या गावच्या पशुवैद्यक विद्यालयात आजारी कुत्र्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी निरोगी कुत्र्यांच्या पेशींशी ताडून पाहिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सूक्ष्म आरएनएचा सगळा ताळेबंदच बदललेला दिसला. काहींची संख्या वाढली होती, काहींची घटली होती. वाढलेल्यांत क्रमांक एकवीसचा आरएनए होता. नकला वाटेत अडवणारे हरकारेच जिथे बदलले, तिथे कोणते फर्मान पोचायचे आणि कोणते नाही, हेही बदललेच.

इथे मी थोडा थांबतो, कारण मला यातली विद्वत्ता सांगायची नाही. एक साधा प्रश्न मला छळतो. कुत्र्याच्या अंगात परजीवी आहे म्हणजे कुत्रा आजारी आहे काय?

आमच्या घरी एक कुत्रा आहे, रस्त्यावरून आलेला आणि मग न गेलेला. त्याला गोचीड तापाची बाधा झाली, तेव्हा रक्ताच्या अहवालात जंतू स्पष्ट लिहिले होते, आणि हा गडी दारात बसून भाकरीची वाट पाहत होता. आळीतले दुसरे, याच्याहून धष्टपुष्ट कुत्रे त्याच पावसाळ्यात त्याच तापाने आठवड्याच्या आत गेले. तो आजार वेगळा, जंतू वेगळा; पण त्या दोन कुत्र्यांमधले अंतर कशाने पडले, ते मला त्या वेळी कोणाला विचारता आले नाही. पुढे लीशमानियाविषयी वाचताना तेच अंतर पुन्हा समोर आले, आणि या वेळी त्याला काही उत्तर होते.

स्पेनच्या पूर्वेला बालिआरिक बेटे आहेत. तिथे इबिझा बेटाच्या नावाने ओळखली जाणारी शिकारी कुत्र्यांची एक जात आहे: उभ्या कानांची, सडपातळ, सशामागे धावणारी. त्या बेटांवर वाळूमाशी पिढ्यान् पिढ्या आहे, परजीवीही आहे, आणि ही कुत्री चावे खात मोठी होतात. तरी त्यांतली फारच थोडी आजारी पडतात. २००० साली या कुत्र्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले, की परजीवी अंगात आल्यावर ती मुख्यतः पेशींच्या बळाने त्याला आवर घालतात. गॅमा इंटरफेरॉनचा निरोप पोचतो, गाठ सुटते, शस्त्र बाहेर येते. उलट बॉक्सर आणि जर्मन शेफर्ड या जाती या आजाराला लवकर बळी पडतात. जिच्या अंगातून कुत्र्याची पोथी पहिल्यांदा वाचली गेली ती ताशा बॉक्सर जातीचीच होती, हा नशिबाचा खेळ म्हणायचा. बळी पडलेले कुत्रे हळूहळू झिजते. डोळ्यांभोवतीचे केस जातात, कातडीचा कोंडा निघतो, नखे वेडीवाकडी वाढतात, नाकातून रक्त येते, आणि शेवटी मूत्रपिंडे थकतात.

या झिजणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात एक गोष्ट भरपूर असते: प्रतिपिंडे. शत्रूविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये. आपल्याला वाटेल, बरे झाले, शरीर लढत आहे. पण परजीवी पेशीच्या आत दार लावून बसलेला, आणि प्रतिपिंडे बाहेर रक्तात फिरणारी! कुलूप लावलेल्या खोलीवर अंगणातून दगड मारत राहावे, तशी ही लढाई. दगड वाया जातात एवढेच नव्हे, ते मूत्रपिंडांच्या गाळणीत जाऊन अडकतात आणि तीच बिघडते. ज्याचे प्रतिपिंडांचे माप सर्वांत मोठे, तोच बहुधा सर्वांत हरलेला. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेच्निकोव्ह आणि पाउल एर्लिख या दोघांत वाटले गेले होते. एकाचा विश्वास गिळणाऱ्या पेशींवर, दुसऱ्याचा रक्तातल्या द्रव्यांवर. निकोलना ट्युनिसच्या कुत्र्यांत परजीवी सापडला तेही वर्ष तेच. त्या दोन पंथांचा वाद जणू याच जनावराच्या अंगात निकाली निघायचा होता, आणि या एका आजारापुरता तो मेच्निकोव्ह यांच्या बाजूने निघाला.

हे सगळे मला पुस्तकी वाटले असते, जर या प्रतिपिंडांवर कुत्र्यांचे जगणे-मरणे ठरले नसते. ब्राझीलमध्ये १९६३ सालच्या सरकारी हुकमानुसार रक्तपरीक्षेत दोषी ठरलेली कुत्री मारून टाकण्याची पद्धत पडली. घरोघर माणसे येत, कानातून किंवा पायातून रक्त घेत, आणि काही दिवसांनी पुन्हा येत ती कुत्रा नेण्यासाठी. हजारो कुत्री अशी गेली. त्यांत झिजलेली होती, तशी शेपटी हलवत आलेलीही होती. रक्ताने एवढेच सांगितले होते, की परजीवी इथे येऊन गेला आहे किंवा आहे. पेशीत कोणता रुमाल सुटला आणि कोणता बांधला गेला, हे त्या चाचणीला विचारलेलेच नव्हते.

यात कोणाला खलनायक ठरवणे मला जमत नाही. हा आजार वेळेवर ओळखला नाही तर मूल वाचत नाही. वरून धडधाकट दिसणारे बाधित कुत्रेही माशीला परजीवी देऊ शकते. झिजलेले अधिक देते, एवढाच फरक. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले, त्याची थोरवी आपण गातो. पण त्याच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल नव्हते. आरासातुबातल्या ज्या आईने आपले कुत्रे त्या माणसांच्या हवाली केले, तिने काय तोलले असेल, ते मी इथे खुर्चीत बसून तोलू नये.

मात्र ज्या हिशेबाने ती कुत्री मारली गेली, तो हिशेब जुळला नाही, हे सांगितले पाहिजे. त्याच आरासातुबात पाहणी झाली तेव्हा दिसले, की कुत्रे नेल्यावर बऱ्याच घरांत लवकरच दुसरे आले. आणि ते येते पिलू होऊन. वाळूमाशी आहे तिथेच असते. पिलाने अजून परजीवी पाहिलेला नसतो, त्याच्या पेशींनी कोणतीही गाठ सोडायला शिकलेले नसते. इबिझाच्या कुत्र्यांना जे शहाणपण पिढ्यांनी दिले, ते जमायला लागणारा काळच या पद्धतीत उरत नव्हता. जे कुत्रे आतल्या आत परजीवीला आवरून धरत होते, तेही नेले गेले, आणि त्याच्या जागी पुन्हा कोरी पाटी आली.

गाठी एकदा बसल्या की बसल्या, असे मात्र नाही. या सगळ्या वाचनात मला सर्वांत आशेची वाटलेली गोष्ट ती. अमेरिकेत शिकारीच्या फॉक्सहाउंड कुत्र्यांमध्ये हाच परजीवी आहे. १९९९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुत्राशाळेत तो उघडकीला आला, आणि तिथे तो मुख्यतः आईकडून पिलांना जातो. आयोवातील संशोधकांनी अशा कुत्र्यांच्या लसिका पेशी तपासल्या. दीर्घ लढाईने त्या पेशी थकलेल्या होत्या. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचे एक प्रथिन वाढले होते. ते थांबण्याची खूण सांगते, आणि पेशी थांबते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ही थांबण्याची खूण अडवली, तेव्हा थकलेल्या पेशी पुन्हा काही प्रमाणात कामाला लागल्या, आणि महाभक्षी पेशींतले परजीवी कमी झाले. पोथीत काहीच फाटलेले नव्हते. पाने जागेवर होती. कोणीतरी आवळलेली गाठ तेवढी सोडायची होती.

प्रयोगशाळेतल्या काचेत सुटलेली गाठ घरच्या कुत्र्यात सोडता येणे, हे अजून लांबचे काम आहे. ब्राझीलने २०१६ साली मिल्टेफोसिन हे औषध कुत्र्यांसाठी वापरायला परवानगी दिली. त्याने परजीवी कमी होतात, लक्षणे जातात, पण परजीवी समूळ जातोच असे नाही. म्हणजे औषध घेतलेले कुत्रे पुन्हा त्याच मधल्या अवस्थेत येते: आत पाहुणा आहे आणि कुत्रा बरा आहे. आपल्या भाषेत निरोगी आणि रोगी असे दोनच शब्द आहेत. या अवस्थेला शब्द नाही. मला वाटते, माणसांतल्या कित्येकांचे जगणेही याच अवस्थेत चाललेले असते. क्षयाचा जंतू उरात बाळगून ऐंशी वर्षे ठणठणीत जगणारी माणसे आपल्या घरोघर आहेत. रक्तात काय सापडले, एवढ्यावर त्यांचा निवाडा केला तर गावे ओस पडतील.

ब्राझीलमध्ये २०२१ पासून सरकारने जास्त धोक्याच्या गावांत आणखी एक उपाय हाती घेतला आहे. डेल्टामेथ्रिन लावलेला पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा. तो कातडीवर पसरतो आणि वाळूमाशी जवळ येत नाही, आली तर मरते. पट्टा काही महिन्यांनी बदलावा लागतो, म्हणून त्याच दारी तीच माणसे पुन्हा पुन्हा जातात. दारातले कुत्रे त्यांच्यावर भुंकते; घरातले मूल त्याला धरून ठेवते, पट्टा बांधून होईपर्यंत. मग माणसे पुढच्या घराकडे वळतात, आणि या वेळी कुत्रे मागे घरीच राहते.